धवलारणीचा आवाज

माझी आई मैना धवलारीण आहे. आगरी लग्नातले धवले, म्हणजे विधींची गाणी, तिला तोंडपाठ. कागदावर एक ओळ नाही. मी ते शिकले नाही, म्हणून तिने सगळे धवले फोनमधल्या एका फुकटच्या ॲपमध्ये गाऊन रेकॉर्ड करून ठेवले. ॲपने मागितली ती प्रत्येक परवानगी दिली. मी कंपनीत लोकांना डेटा चोरीपासून सावध करते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमच्या सुकापूरच्या फ्लॅटमध्ये.

मग काशिराममामाला आईच्या आवाजात फोन आला. बँकेचा ओटीपी मागत होता. मामा हुशार, त्याने आधी मला विचारलं. मी ॲप काढलं, पासवर्ड बदलले, सायबर पोलिसांत तक्रार दिली. वरातीमागून घोडं, पण दामटलं.

"चोराकडे नक्कल गेली आई. मूळ तुझ्याकडेच आहे."

"मंग हलदीचा धवला मना का नाय आठवत?"

वय झालं, असं मी म्हटलं. पण मामाच्या मुलीच्या, नीताच्या हळदीला आई गायला बसली आणि पहिल्याच ओळीला थांबली. बायका हळदीची बोटं तशीच धरून तिच्याकडे बघत राहिल्या. मला फार लाज वाटली, आणि मग भीती.

पुन्हा फसवणूक नको म्हणून मी घरच्यांसाठी फोनवर विचारायची एक खूण, एक गुप्त शब्द ठरवायचा म्हटलं. फोन घरी ठेवून आम्ही दोघी वडाळे तलावावर गेलो. भर दुपार होती, आसपास कोणी नव्हतं. बाबा तिला एकांतात ज्या नावाने हाक मारायचे, ते तिने माझ्या कानात सांगितलं. सांगताना लाजली.

दुसऱ्या दिवशी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"कोमल, मी आई बोलतंय."

मी खूण विचारली.

त्या आवाजाने नाव सांगितलं. तसाच लाजला.

आई स्वयंपाकघरात जवळा निवडत होती. मी तिच्या कानाशी जाऊन तेच नाव उच्चारलं.

"कुनाचा नाव ह्यो?" तिने विचारलं. माझ्याकडे बघून जरा सरकून बसली, पाहुणीला जागा द्यावी तशी.

आता तो फोन रोज येतो. ओटीपी मागत नाही.

"जेवलीस का गो बाय?" एवढंच विचारतो.

घरात मला हे आता कोणी विचारत नाही.

तो नंबर मी ब्लॉक केलेला नाही.