माडीवरचं भांडण

हे कुणाला पटायचं नाही, आधीच सांगून ठेवतो. तात्याबा म्हातारपणी पार वाहवला म्हणाल... म्हणा! पण पोरींनो, कृष्णेचा पूर एका मुलीच्या रागाला बिचकून जिन्यात थांबलेला या डोळ्यांनी पाहिलाय. आणि त्याच पुरात तिचं लग्नही जमलेलं.

मुलगी म्हणजे आपली शिवांजली. त्या दिवशी दुपारी ती बाजारातून घरी आली, तर सोप्यात धान्याच्या पत्र्याच्या कोठ्या ओळीनं मांडलेल्या! आणि चौथी कोठी पाठीवर घेऊन एक अनोळखी पोरगा माडीचा जिना उतरतोय.

"ए! कोण रं तू? ठेव ती... न्हाई, ठेवू नको! वर ने!"

"सोलर बसवायला आलोय, मॅडम. शिवतेज." कोठी खाली टेकवून त्यानं कपाळाचा घाम पुसला. "पण ह्ये काय चाललंय तुमच्यात? एवढं वजन त्या तुळयांवर, आणि बरोबर खाली म्हातारीची खाट? एक हादरा बसला तर?"

"हादरा?" तिचा आवाज गल्लीपार गेला. "कुठलं गाव तुझं?"

"कोयनानगर."

"तरीच! हादरं तुमच्यात बसत्यात. हितं पानी येतं, पानी! सहा वर्सं झाली जीव टाकून माडी भरतीय मी, आणि तू एका दुपारात सगळं पुराच्या तोंडात आणून ठेवलंस?"

तिचा राग उगाच नव्हता. एकोणीस सालच्या पुरात बोटीतून माणसं आली. आई मनुबाईच्या हातात बिस्किटाचा एकच पुडा, आणि त्या पुड्याला देणाऱ्या सहा जणांचे हात. मनुबाईला तीनदा 'हसा' म्हणाले, तिघांनी तीन फोटो काढले आणि बोट पुढं गेली. त्या दिवशी शिवांजलीनं ठरवलं, पुन्हा कुणापुढं हात पसरायचा नाही. मग माडीवर चार महिन्यांचं धान्य, चुलीचं जळण, पाण्याचे कॅन, औषधं, दोर, सातबारा प्लॅस्टिकात गुंडाळून. वर भाजीचं बियाणं आणि दोन शेळ्यांना जागा. गाव हसायचं. लोणंदचं स्थळ आलं, तर नवरदेव म्हणाला, "आधी हे दुकान आवरा, मग बोलू." तिनं त्याला चहासुद्धा पुरा पिऊ दिला नाही. ज्याला माझी माडी खुळचट वाटते, त्याच्या घरात मी पाऊल टाकणार नाही — असं तिनं आईला बजावलं होतं. मनुबाई तेव्हापासून काळजीनं वाळत चाललेली. पोरगी अशीच राहायची म्हणून.

पण हा पोरगा... हा हसत नव्हता. हा चिडला होता!

"सदुसष्टच्या भूकंपापासून माझी आजी अजून दाराला कडी न लावता झोपती," तो म्हणाला. "घरात जड ते खाली, हलकं ते वर. शेंबड्या पोराला ठावं हाय आमच्यात."

"आणि आमच्यात शेंबड्या पोराला पवायला येतं! उचल कोठी."

"न्हाई उचलत. म्हातारीच्या डोक्यावर मी वजन ठेवनार न्हाई."

"माझी आई हाय ती!"

"मग तुमाला काळजी नको?"

एवढ्या वर्षांत माडीवर हसणारे तिला शंभर भेटले. माडीशी भांडणारा हा पहिलाच. त्याच्या ओल्या कपाळाला पत्र्याचा गंज लागला होता. तो पुसावा असं तिला वाटलं... आणि असं वाटल्याचाच तिला भयंकर राग आला.

तेवढ्यात ग्रामपंचायतीचा भोंगा वाजला. धरणातून पाणी सोडलंय, नदीकाठच्यांनी हलावं.

"घे! आलं तुमच्या कोयनेचं पानी," ती म्हणाली.

"पान्याच्या आधी मी आलोय," तो म्हणाला. "तेवढं तर धरा हिशोबात."

"तोंड कमी चालव, हात चालव!"

मग संध्याकाळपर्यंत दोघं राबली. एका कोठीला दोघांचे हात; बोटाला बोट लागलं की दोघंही दुसरीकडं बघायची आणि कोठी जिन्यावर आपटायची. वर नेल्यावर त्यानं प्रत्येक कोठी सोलरच्या पट्ट्यांनी भिंतीला आवळली, तुळईखाली लोखंडी टेकू दिला. म्हणजे पुराचा हात पोचू नये आणि हादऱ्याला पाडता येऊ नये. "आता तुमचंबी खरं, माझंबी खरं," तो म्हणाला. "व्हय," ती म्हणाली — तिच्या तोंडून हा शब्द ऐकून मनुबाईनं देवाला हात जोडले.

पाणी चढलं. सातव्या पायरीवर आलं. शिवांजली जिन्याच्या तोंडाशी कमरेवर हात देऊन उभी राहिली, नुसती बघत राहिली — आणि पाणी सहाव्या पायरीवर उतरलं! खरं सांगतो. तीन दिवस माडीवर चूल पेटली, सोलरवर दिवे लागले, शेळ्या दूध देत होत्या. तिसऱ्या दिवशी तीच एकोणीस सालची बोट आली, तेच फोटोवाले साहेब, पुडा पुढं करून. शिवांजलीनं पुडा परत दिला. वर त्यांना खिडकीतून पिठलं-भाकरी वाढली, आणि साहेबाच्या हातातल्या भाकरीला आपला, आईचा, शिवतेजचा हात लावून म्हणाली, "हसा!" फोटो काढला. अशा सतरा बोटी जेवून गेल्या.

आणि चौथ्या दिवशी पाणी ओसरलं तेव्हा, पोरींनो... शिवतेज त्या गुडघाभर चिखलात उभा राहिला, तिचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "शिवांजली, तुझ्यावाचून मला करमायचं न्हाई. माझी होशील?" तर ती अशी लाजली, अशी लाजली... पदराआड तोंड लपवून, पायाच्या अंगठ्यानं चिखलात रेघा ओढत—

"आवं तात्याबा, साफ खोटं!" स्वयंपाकघरातून शिवांजली कणकेच्या हातांनी बाहेर आली. "कोन लाजलं? मी? त्यो तर पिशवी भरून गुमान एस्टीला निघालावता. मी फाटकात आडवी झाले आन म्हनलं, 'कोठ्या बांधल्यास, आता माजं काय?' आन त्यानं काय केलं, ठावं हाय? रडला! इचारा त्याला, हितंच बसलाय!"