गिरजा सिस्टरचे हात

पारी डॉक्टर त्या दुपारी निडी गावाला गेली ती केरूची मान बघायला, काम एवढंच. महिन्यापूर्वी पेंढ्याचा टेम्पो उलटून जखमी झालेला हा गडी तिनेच वाचवला होता. एक्स-रेत मान ठणठणीत दिसत होती, तरी केरूला ती वळवता येईना.

"कुनीतरी धरून ठेवलीय, डॉक्टरबाई," तो हळूच म्हणाला. "कानांवर दोन तळवे हायेत... बाईमाणसाचे. चंदनाच्या पावडरीचा वास येतो."

तो वास रोह्याच्या इस्पितळातल्या गिरजा सिस्टरचा. अपघाताचे रोगी कसे हाताळायचे ते नव्या डॉक्टरांना शिकवणारी ही बाई तोंडाची फटकळ, पण कुणाला उपाशी ठेवायची नाही. तिचा पहिला धडा ठरलेला. एकाने रोग्याचं डोकं दोन्ही हातांनी धरायचं आणि उपचार करणारा डॉक्टर 'सोडा' म्हणेपर्यंत आभाळ कोसळलं तरी सोडायचं नाही. "मान हलली तर जल्माचा पांगळा होईल गो," म्हणत ती पारीच्या पाठीत धपाटा घाली. वाडीवरून आलेल्या, सगळ्यांना बिचकणाऱ्या पारीला तो धपाटाही गोड लागे.

गिरजा सिस्टर दिवाळीत वारली. केरू आला तो त्यानंतर. टेम्पोतले सगळेच जखमी एकदम आले आणि केरूच्या छातीत नळी घालायला पारी एकटीच उरली. डोकं धरा, असं ती ओरडली. समोरून दोन हात आले आणि त्यांनी धरलं. वर बघायला फुरसत कुठे होती? नळी बसली, श्वास आला, तशी ती दुसऱ्या खाटेकडे धावली. मागाहून विचारलं, तर जो तो म्हणाला, मी नव्हतो.

'सोडा' म्हणायचं मात्र राहूनच गेलं होतं.

आता तो शब्द तोंडातून निघेना. म्हटला की सिस्टर खरोखरच जाणार. पण जित्या माणसाला असं खिळवून कसं ठेवायचं?

"सिस्टर... सोडा," ती शेवटी म्हणाली. "मी आहे आता."

केरूने सावकाश मान वळवली, दारातली म्हैस बघितली आणि तो हसला. पारी स्टेशनापर्यंत डोळे पुसत गेली.

पुढच्या आठवड्यात नव्या डॉक्टरांना तोच धडा द्यायला ती स्वतः रोगी होऊन टेबलावर आडवी झाली. त्यांच्यातल्या नाथाने डोकं धरलं. धडा संपल्यावर तिने 'सोडा' म्हटलं, आणि नाथा हात पुसत तिच्या पायाशी येऊन उभा राहिला.

कानांवरचे तळवे तसेच होते. चंदनाचा वास आला...

"मॅडम, उठताय ना?"

"थांब जरा," म्हणून तिने डोळे मिटले. फार बरं वाटत होतं. थोड्या वेळाने तिने पुन्हा, अगदी हळूच, 'सोडा' म्हटलं.

तळवे आणखी घट्ट झाले.