मोरकड्यावरची सातवी ओळ

मोरकड्याच्या माथ्यावर दहा बाय आठची एक पत्र्याची खोली आहे आणि त्या खोलीला कालिंदी रसाळ सोडून दुसरा वाली नाही. खोलीत आहे रिपीटर. शुद्ध मराठीत पुनर्प्रक्षेपक, पण हौशी रेडिओ मंडळातल्या एकाही माणसाने त्याला तसं म्हटल्याचं कुणाला आठवत नाही. त्याचं काम सरळ आहे. दरीतल्या एखाद्याच्या हातातल्या सेटचा क्षीण आवाज ऐकायचा आणि त्याच क्षणी दुसऱ्या लहरीवर दणकून चार तालुक्यांना ऐकवायचा. घरोघरी उपग्रहफोन आले तरी मोरकड्याच्या नाळांमध्ये, म्हणजे अरुंद खोल घळींमध्ये, उतरलं की आभाळ चार बोटं दिसतं. तिथे उपग्रह काय डोंबल सापडणार? तिथे हा रिपीटरच.

दिवाळीनंतरच्या त्या रविवारी कालिंदी दहा वाजताच वर पोचली होती. वानरांनी अँटेनाची केबल पुन्हा ओढली होती. ती तिने नीट बांधून घेतली. बॅटरीच्या टोकांवर चढलेली हिरवी कीड खरवडली, वर व्हॅसलीन चोपडलं. अँटेनाकडे पाठवलेली किती ऊर्जा परत फिरते ते, म्हणजे परतलहर, मोजून पाहिली. नगण्य होती. चोपन्नाव्या वर्षी गुडघे कुरकुरत होते, पण यंत्र कुरकुरत नव्हतं, याचा तिला अभिमान होता. मग साडेअकराला तिने संगणकाचा पडदा उघडला आणि ज्यासाठी ती दीड महिना दर रविवारी डोंगर चढत होती ती सातवी ओळ पाहिली.

आज सकाळपासून एक्केचाळीस वेळा.

कालिंदी खुर्चीत बसली. थर्मासमधला चहा ओतून घेतला. ‘बोंबल,’ ती म्हणाली. ‘बोंबल लेका.’

ही सातवी ओळ काय ते सांगायला गणपतीच्या दिवसांत जावं लागेल. नसरीन मुजावर, तालुक्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवणारी, एक छोटी पेटी घेऊन वर आली होती. घाटातल्या ट्रकांवरचे बिनपरवाना सेट बटण अडकून तासन्‌तास लहर सोडत राहायचे आणि रिपीटर अडवून धरायचे. त्यावरचा हा उपाय होता.

‘बोलायचं बटण दाबलं की सेट एकदम स्थिर लहर सोडत नाही,’ नसरीन म्हणाली होती. ‘पहिले काही सहस्रांश सेकंद तो चाचपडतो, अडखळतो. प्रत्येक सेटचं अडखळणं वेगळं. एकाच कारखान्यातून एकाच दिवशी निघालेल्या दोन सेटचंसुद्धा. त्याला मी उठावठसा म्हणते.’

‘आणि तुझी पेटी तो ठसा ओळखणार.’

‘प्रत्येक घराच्या दाराची कुरकुर वेगळी असते ना, तसं. नको असलेला ठसा आला की ही माझी ठसाचाळणी तो रिपीटरच्या कानातच अडवते. पुढे प्रक्षेपण नाही, फक्त यादीत त्या ओळीचा आकडा एकाने वाढतो. बोलणाऱ्याला कळतही नाही. तो आपला बोलत राहतो.’

‘कळतही नाही?’ कालिंदीने विचारलं. विचारताना तिचा पेचकस थांबला होता.

‘कसं कळणार? त्याला वाटतं सेट बिघडला. फक्त एक लक्षात ठेव ताई, यादीत सेटचा क्रमांक लिही, क्रमांक नसेल तर सेटचं वर्णन. माणसाचं नाव कधी लिहू नकोस. आपण दार ओळखतोय.’

‘आणि त्या घरात एकच माणूस राहत असेल तर?’

नसरीन हसली. तिला वाटलं थट्टा चाललीय.

थट्टा नव्हती. सात वर्षं कालिंदीने नागासारखा डूख धरला होता. सात वर्षांपूर्वीच्या महापुरात तिचा धाकटा भाऊ उद्धव धरणाखालच्या पाणीमापन चौकीत अडकला होता. त्याच्या सेटचा माइक भिजला. आवाज जाईना, नुसती लहर जायची: बटण दाबलं की एक खट्. त्या दिवशी मंडळाचं नियंत्रण दत्तात्रय सोमणांकडे होतं. सोमण म्हणजे मंडळाचे ज्येष्ठ, नियमांचं चालतंबोलतं पुस्तक. ते लहरीवर म्हणाले, ‘कुणीतरी उगाच बटण दाबतंय. लक्ष देऊ नका. पुढचा निरोप.’ दोन तासांत साठ वेळा ती खटखट झाली. कालिंदीने नंतर ध्वनिमुद्रणावर एकेक मोजली. साठाव्यानंतर चौकी वाहून गेली.

तेराव्याला सोमण आले. हात जोडून म्हणाले, ‘मी नियमाप्रमाणे केलं.’ बस, एवढंच. शब्दभर चुकलं म्हणाले असते तर कालिंदीने कदाचित सोडून दिलं असतं. कदाचित नसतंही.

म्हणून खंडेनवमीला, मल्टिमीटरला हळदकुंकू वाहून झाल्यावर, तिने चाळणीच्या यादीत सातवी ओळ भरली. वरच्या सहा ओळींत ट्रकांच्या सेटची वर्णनं होती. सातवीत तिने सोमणांच्या सेटचा टिपलेला ठसा घातला आणि पुढे लिहिलं: ‘सोमण’. वीस वर्षं सोमण एकच सेट वापरत होते. बायकोसारखा सांभाळलाय, म्हणायचे. मोरकड्याच्या नोंदवहीचा दंडक होता की यंत्रात केलेला कुठलाही बदल लिहायचा आणि खाली दोन सह्या हव्यात, करणाऱ्याची आणि पाहणाऱ्याची. बावीस वर्षांत कालिंदीने एक पानही चुकवलं नव्हतं. ही एवढी नोंद तिने केली नाही.

त्याला मारायचं तिच्या मनात नव्हतं. तिला एवढंच हवं होतं, की सोमणाने बोलावं आणि कुणी ऐकू नये. रोज सकाळच्या लहरीवरच्या हजेरीला त्याने हाका माराव्यात आणि बाकीच्यांनी विचारावं, सोमणकाका दिसत नाहीत हल्ली? आणि तसंच झालं. पहिल्या आठवड्यात म्हाताऱ्याने अँटेना बदलली, दुसऱ्यात केबल. मग एक दिवस सेट पंच्यात गुंडाळून तिच्या कामाच्या टेबलाशी आला.

‘कालिंदी, जरा बघतेस का गं? मला सगळे ऐकू येतात. माझं कुणाला जात नाही.’

तिने सेट उघडला. आतलं काम असं स्वच्छ होतं की पाहत राहावं. शक्ती बरोबर, लहर बरोबर. इथे तिला खोटं बोलता आलं असतं. सेट गेला, म्हणून सांगता आलं असतं. पण चांगल्या यंत्राला वाईट म्हणायला तिची जीभ रेटेना. माणसाशी वैर असलं म्हणून यंत्राशी बेइमानी करायची? तिने नेहमीसारखी चिठ्ठी लिहून सेटच्या पाठीला चिकटवली: ‘तपासला. निर्दोष. का. र.’

‘मग माझ्या घराचंच काहीतरी,’ सोमण म्हणाले. ‘समोर पाण्याची नवी टाकी झालीय. तिच्या आड येत असेल मोरकडा.’

‘असेल काका,’ कालिंदी म्हणाली. त्या दिवशी तिला छान झोप लागली.

आणि आज एक्केचाळीस. एरवी म्हातारा सकाळी दोन-तीनदा दाबायचा आणि नाद सोडायचा. आज पावणेअकराला सुरुवात, आणि दर मिनिट-दीड मिनिटाला एक. कालिंदी पाहत होती तोवर बेचाळीस झाले.

हे काही हजेरी देणं नव्हे, हे तिला कळलं. न कळायला ती दुधखुळी नव्हती. इतक्या वेळा माणूस बटण दाबतो तो संकटात असतो. छातीत कळ आली असेल. घरी एकटाच असतो. फोन दुसऱ्या खोलीत असेल आणि सेट हाताशी. चाळणीच्या आधीचा कच्चा आवाज ऐकायला पेटीवर एक खुंटी होती. पाव फेरा फिरवली असती तर खोलीत आवाज घुमला असता. तिने हात पुढे नेला आणि मागे घेतला. ऐकलं की दया येते. सोमणाने ऐकलं नव्हतं, मग आपण का ऐकावं?

उद्धवने साठ वेळा दाबलं होतं. साठ होऊ देत. साठ झाले की मी सातवी ओळ पुसेन, तिने स्वतःला सांगितलं. एक कमी नको, एक जास्त नको. जशास तसं.

शेहेचाळीस. चहा निवला. एकोणपन्नास. आता मधलं अंतर वाढत चाललं होतं, तीन मिनिटं, चार मिनिटं. कालिंदी उठली नाही. पन्नासला तिने उद्धवचं नाव घेतलं. बारा वाजून गेले. त्रेपन्न.

आणि रिपीटर बोलला. खणखणीत, शेजारी उभं राहून बोलावं तसा.

‘मंडळाच्या कार्यालयातून दत्तात्रय सोमण. कालिंदी, वर आहेस का? ओव्हर.’

कालिंदीने पडद्याकडे पाहिलं. सातवी ओळ: त्रेपन्न. हलली नव्हती. हा आवाज दुसऱ्याच सेटचा होता.

तिने माइक उचलला. ‘आहे.’

‘अगं, पहिला आवाज आला का? बाराचं ठरलं होतं, मी इथे कान लावून बसलोय.’

पहिला आवाज ही मंडळाची जुनी रीत. नवा माणूस परवान्याची परीक्षा पास झाला की मंडळातला कुणीतरी म्हातारा आपला स्वतःचा सेट त्याला देतो आणि कुणाला सांगत नाही. तो नवा आवाज एक दिवस अचानक लहरीवर उमटतो आणि सगळे चकित होतात.

‘कुणाचा पहिला आवाज?’ कालिंदीने विचारलं.

‘आता सांगूनच टाकतो. आपल्या शाल्मलीचा. उद्धवच्या पोरीचा. परवाच निकाल लागला तिचा. माझा सेट दिला मी तिला. टाकीमुळे माझ्या घरून तो कुचकामी, पण तुझी निर्दोषची चिठ्ठी होती त्यावर. खडकांचे थर बघायला कावळनाळेत उतरणार होती आज, म्हणाली बरोबर बाराला नाळेतूनच आत्याला हाक मारते. उद्धवचं माझ्याकडे एक ऐकायचं राहिलं होतं, कालिंदी. म्हटलं, निदान पोरीचं आपल्या सेटवरून सगळ्यांनी ऐकावं. ओव्हर.’

कालिंदीने सातवी ओळ पुसली. घाईत दोनदा चुकीची कळ दाबली गेली. मग ती वाट पाहत राहिली. मिनिट गेलं, दोन गेली, तीन गेली.

खट्. खट्.

आवाज नव्हता. नुसती लहर दोनदा उठली आणि बसली. एका तासापूर्वी त्या बटणामागे शब्द असतील. आता शब्दांपुरतं बळ उरलं नव्हतं.

लहरीवर कुणीतरी तिसराच म्हणाला, ‘कोण खेळतंय रे बटणाशी?’

‘गप्प बसा,’ सोमण म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांचा आवाज असा कुणी ऐकला नव्हता. ‘सगळ्यांनी बटणावरून हात काढा. कुणी बोलायचं नाही. शाल्मली, बाळ, मी ऐकतोय. हो असेल तर दोनदा दाब, नाही तर एकदा. तू कावळनाळेत आहेस?’

खट्. खट्.

‘वरच्या टप्प्यात?’

खट्.

‘मधल्या?’

दोनदा. मग सोमणांनी एकेक करून विचारून घेतलं. दगड आलाय अंगावर? पाय अडकलाय? रक्त जातंय? पायथ्याच्या वाडीतली माणसं दोर घेऊन कधी निघाली, डॉक्टर कुठून आला, हे सगळं त्यांनीच लहरीवरून लावलं. एकदाही चुकले नाहीत. कालिंदी माइक हातात धरून बसून राहिली.

शाल्मली वाचली. डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. शल्यचिकित्सक सहज बोलून गेले, तासभर आधी हाती लागली असती तर पाय राहिला असता.

तिसऱ्या दिवशी शुद्धीवर येऊन ती आत्याला म्हणाली, ‘सरपटत वर यायला जमलं असतं गं मला सुरुवातीला, आत्या. पण सेटवर तुझी चिठ्ठी होती ना. म्हटलं, आत्याने तपासलाय, लागणारच. म्हणून दाबत राहिले.’

कालिंदी तिचे केस सारखे करत राहिली.

त्या गुरुवारी एकाहत्तर वर्षांचे सोमण धापा टाकत मोरकड्यावर आले. हातात तोच सेट, पंच्यात गुंडाळलेला. कालिंदी खोलीत एकटीच होती. ते दारातच बसले, पाणी प्यायले आणि सेट तिच्या पुढ्यात ठेवला.

‘पुन्हा उघडून बघ. काहीतरी असणार यात. तुझ्या नजरेतून सुटलं असेल, माझ्या सुटलं असेल. माझ्यामुळे दोनदा झालं हे. बाप गेला, आता पोरीचा पाय. मला झोप येत नाही, कालिंदी.’

सात वर्षं ज्याची वाट पाहिली ते तिच्या पायाशी येऊन पडलं होतं. आता काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसलं असतं तरी म्हातारा उरलेला जन्म असाच जळला असता. याहून मोठा सूड तिला स्वप्नातही सुचला नसता. आणि तो घ्यावा असं तिला अजूनही वाटत होतं, खोटं कशाला बोला.

तिने नोंदवही उघडून त्यांच्यासमोर सरकवली. नोंद तिने सकाळीच केली होती. तारीख, खंडेनवमीची. बिघाड: रिपीटर एका सेटला बहिरा. कारण: चाळणीत सेटऐवजी माणसाचं नाव लिहिलं. दुरुस्ती: रविवारी, त्रेपन्न हाकांनंतर. करणाऱ्याची सही: कालिंदी रसाळ.

सोमणांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. बराच वेळ ते सेटच्या पाठीवरच्या चिठ्ठीवरून अंगठा फिरवत बसले.

‘त्रेपन्न,’ ते म्हणाले. ‘तू तेव्हा इथेच होतीस?’

‘बेचाळीसपासून पाहत होते.’

‘आणि मी बोललोच नसतो तर?’

‘साठ होईपर्यंत थांबणार होते.’

‘सेट माझ्याच हातात असता तर?’

‘तर थांबलेच असते, काका.’

सोमणांनी मान हलवली. मग त्यांनी हात पुढे केला आणि तिच्याकडे पेन मागितलं. पाहणाऱ्याची सही अजून राहिली होती.