मशीनमध्ये काही बिघाड नाही

"मिस्त्री कोठी गेले जी?"

आम्रपालीने भिंगावरून डोळा काढला. समोर खाकी शर्टातला एक कंडक्टर उभा होता. खांद्याला पिशवी, हातात तिकिटाचं मशीन... आणि नजर तिच्या डोक्यावरून थेट मागच्या पडद्यावर! जणू खरा मिस्त्री तिथे लपून बसलाय.

झालं! सकाळपासून हा तिसरा.

"मिस्त्री तुमच्या समोर बसली हाये," ती फणकारली. "दिसत नसंन तर चष्म्याचं दुकान पलीकडे हाये."

त्याचे कान लाल झाले. मग तो हसला. आणि ते हसणं आम्रपालीला आवडलं, याचाच तिला जास्त राग आला.

बालाघाटच्या बसस्टँडसमोरचं हे दुरुस्तीचं दुकान तिच्या बाबांचं, मोतीलालचं. त्यांचे हात थरथरायला लागले तेव्हापासून काउंटरवर ती बसायची. आयटीआय पास झालेली, हात असा हलका की बाबांनीही मान डोलवावी. पण बाबांची अट होती. "दिवाळीपर्यंत पाहू. एखादं काम तुह्याच्यानं जमलं नाही, नाही तर लोकायच्या तोंडी आपलं नाव आलं, तर तुहा चुलतभाऊ बसन इथं." त्या चुलतभावाला मोबाईल धड पुसताही येत नव्हता. पण तो मुलगा होता ना! विचारायलाच नको.

कंडक्टरचं नाव प्रीतम. बालाघाट-लामता गाडीवरचा. मशीनची स्क्रीन चालता चालता पांढरी पडते, आडव्या रेघा येतात, तिकीट निघत नाही, आणि गाडीचा मालक म्हणतो खोट कंडक्टरमध्येच आहे... त्याने सगळं सांगितलं. तिने मशीन उघडलं, साफ केलं. स्क्रीन लख्ख!

चार दिवसांनी तो पुन्हा हजर. तिने स्क्रीनच बदलली. आठवड्याने तिसऱ्यांदा.

या वेळी तिने मशीन मऊ रबरी चटईवर ठेवून तासभर तपासलं. काही नाही. एक रेघ नाही. आणि हा मात्र स्टुलावर बसून तिच्या हातांकडे बघतोय! सगळी गिऱ्हाइकं तिला ताई म्हणायची. यानेच कधी म्हटलं नव्हतं.

"कंडक्टर लय येऊन राह्यला वो आजकाल?" शेजारच्या बांगड्यांच्या दुकानातून लीलाबाई इतक्या मोठ्याने म्हणाली की अर्ध्या गल्लीने ऐकलं. पडद्यामागे बाबा खाकरले.

आम्रपालीच्या डोक्यात सणक गेली. "बास झालं! मशीनमध्ये काही बिघाड नाही. बिघाड तुमच्या डोक्यात हाये! मुद्दाम येऊन राह्यले तुम्ही. पोरगी काउंटरवर बसली म्हणजे काय तमाशा हाये का जी?"

प्रीतमचं तोंड उतरलं. त्याने मशीन उचललं आणि तो हळूच म्हणाला, "उद्या दहाच्या गाडीत बसा. डोळ्यानं पाहा. बिघाड नसला तर... या दारात मी पुन्हा दिसणार नाही."

ती गेली. का गेली? त्याला खोटं पाडायला, असं तिने स्वतःला बजावलं. कोवळं ऊन, गाडीत धानाची पोती, पोत्यांवर माणसं. प्रीतम गर्दीतून वाट काढत तिकिटं देत होता आणि मशीन एकदम नीट चालत होतं. तिने भुवया उंचावल्या. त्याने नजर चुकवली.

मग खोदलेला रस्ता लागला. गाडी धाडकन आदळली आणि... स्क्रीन पांढरीफटक! आडव्या रेघा!

"आता बोला," तो म्हणाला.

तिने पाहिलं, त्याने सवयीने मशीनच्या डाव्या कोपऱ्यावर अंगठा दाबला आणि रेघा गेल्या. अंगठा काढला, रेघा परत. "थांबा! तसंच धरा!" तिने पर्समधून स्क्रूड्रायव्हर काढला, आणि हेलकावणाऱ्या गाडीत, पोत्यावर बसून मशीन उघडलं. दोघांची डोकी जवळ आली... त्याच्या शर्टाला धानाचा वास होता. स्क्रीनला जोडणारी तारांची पट्टी धरून ठेवणारी नखाएवढी कडी आतून तडकली होती. धक्का बसला की पट्टी सुटायची. आणि ही शहाणी ते मशीन मऊ चटईवर ठेवून तपासत होती!

तिने स्वतःच्याच तिकिटाची घडी करून पट्टीवर दाबून बसवली. पुढचे सगळे खड्डे स्क्रीनने सोसले.

"आता मालकाले तोंड दाखवता येईन," प्रीतम म्हणाला, आणि त्याचा आवाज जरासा ओला झाला. आम्रपालीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी दुकानात प्रीतमसमोर तिने नवी कडी बसवली. मग मुद्दाम मोठ्याने, लीलाबाईला ऐकू जाईल अशी म्हणाली, "चूक माही होती! मशीन खराबच होतं. तीन वेळा मले सापडलं नाही. हा माणूस खरं बोलत होता."

गेला काउंटर, तिला वाटलं. पडदा हलला. बाबा बाहेर आले, तडकलेली कडी भिंगाखाली धरून कितीतरी वेळ बघत राहिले.

"कोठी सापडलं?"

"गाडीत, बाबा. खड्ड्यात."

"मले नसतं सापडलं," ते म्हणाले. "मी दुकान सोडून गेलोच नसतो." भिंग त्यांनी तिच्या हातात दिलं आणि ते आत निघून गेले. चुलतभावाचं नाव त्या घरात पुन्हा निघालं नाही.

दिवाळी झाली. आणि एका दुपारी प्रीतमने मशीन पुन्हा काउंटरवर ठेवलं.

तिने मशीन हलवलं, आपटलं, उलटं धरलं. स्क्रीन लख्ख.

"याच्यात तर काहीच बिघाड नाही!"

"हौ. नाहीच."

"मग काहून आले?"

"तेच सांगाले आलो..." तो कान लाल करून म्हणाला. "तीन वेळा बिघाड खरा होता. पण स्टँडवर दुरुस्तीची चार दुकानं हायेत. मी तीनही वेळा इथंच आलो. तुम्ही आवडता मले."

आम्रपाली भडकलीच! "म्हणजे मी बरोबर होती? अन् साऱ्या गल्लीसमोर माफी मागितली मी! बाबासमोर! तुम्ही तोंड मिटून उभे राह्यले?"

"अर्ध्याच तर बरोबर होत्या."

"मग अर्धी माफी वापस करा!"

"करतो ना. रोज थोडी थोडी... जन्मभर. चालन?"

ती काही बोलणार, इतक्यात एक गिऱ्हाईक मोबाईल नाचवत आलं आणि तिच्या डोक्यावरून पडद्याकडे बघत म्हणालं, "मिस्त्री किधर है?"

तिने तोंड उघडलं, पण प्रीतम आधीच गर्रकन वळला होता. "समोर बसली हाये, दिसत नाही का?" तो असा कडाडला की लीलाबाईच्या हातातून बांगडी पडली. "नसंन दिसत तर चष्म्याचं दुकान पलीकडे हाये!"

आम्रपालीने पायाने स्टूल त्याच्याकडे सरकवलं.

"चालन," ती म्हणाली.