पहारेकऱ्याला न दिसलेला रविवार

"माझ्या भावाने खोटं सांगितलं नव्हतं," आत येताच ती म्हणाली. बसलीसुद्धा नाही. "हे ज्याने केलं त्याचं नाव हवंय मला."

खासगी तपास करणाऱ्या या बाईंना सगळेच वहिनी म्हणत. त्यांचा मदतनीस होता धाकटा दीर, आणि तो दिवसभर याच नावाने हाका मारी.

"बसा, ताई. भावजी, पाणी आणा."

ती रुग्णवाहिकांना रस्ता दाखवणारं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीत सर्व्हर सांभाळायची. धाकटा भाऊ तिथेच प्रोग्रॅमर. नदीवरचा पूल बंद झाला तेव्हा तो नकाशातून काढायचं काम त्याच्याकडे आलं. सोमवारी त्याने रेपोत, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या यंत्रणेत, "पूल काढला" अशी नोंद केली. बुधवारी रुग्णवाहिका त्याच पुलापाशी जाऊन अडकली. आत एक बाळंतीण होती. ती वाचली नाही.

नोंद उघडली तर तिच्यात फक्त, काय बदललं ते लिहून ठेवायची, माहितीची फाइल बदललेली. नकाशा जसाच्या तसा. भाऊ खोटारडा ठरला, हाकलला गेला. दीड महिन्यात झोपेतच गेला. एकतिसाव्या वर्षी.

"शुक्रवारी चौकशीचा अहवाल निघतोय. त्यात त्याचंच नाव आहे. मेलेल्या माणसाच्या तोंडाला काळं फासतायत."

"तुम्हाला तो काय म्हणाला?"

"दोन दिवस ओरडत होता, 'ताई, मी केलंय गं, खरंच केलंय.' मग एकाएकी गप्प झाला. एकच विचारलं, 'तुझी नोकरी पक्की आहे ना?' झालं. त्यानंतर शब्द नाही."

"चौकशीत तुम्हाला बोलावलं?"

"सख्खी बहीण म्हणून लांब ठेवलं. कागदसुद्धा दाखवला नाही."

मॅनेजरचं टेबल चकाचक होतं. काम न करणाऱ्याचं असतं तसं.

"त्याच्या कॉपीत, म्हणजे तो काम करायचा त्या फाइलींच्या संचात, दुरुस्त नकाशा सापडला, मान्य. चौकशीसाठी ती सील केलीय," तो म्हणाला. "पण तारीख रविवारची. रविवारी ऑफिसला कुलूप. म्हणजे नंतर करून तारीख मागे सरकवली. वर चौकशीच्या आदल्या दिवशी रेपोच्या सेटिंगमधल्या तीन ओळी खोडल्या. पुरावा नष्ट केला, दुसरं काय?"

"कुठल्या ओळी?"

"ते मला कसं कळणार? मी मॅनेजर आहे."

"बरोबर," वहिनी म्हणाल्या. "मग त्या आधीच्या आठवड्याचा बॅकअप द्या. तो सही करून काढता येतो ना तुम्हाला?"

शेजारच्या टेबलावरच्या प्रोग्रॅमरला सगळे दाढी म्हणत. सोमवारच्या नोंदीखाली "तपासलं" हा शेरा त्याचा होता.

"उघडून पाहिलं होतंत?"

"तो चुकायचा नाही हो कधी."

"म्हणजे नाही."

दाढीने कपाळावरचा घाम पुसला.

"कामात कुरकुर होती त्याची?"

"एकच. काय बदललंय हे शोधायला रेपो दोन-दोन मिनिटं घ्यायचा. लाखभर फाइली, एकेक चाचपायच्या. मग एका दुपारी क्षणात व्हायला लागलं. जादू झाली म्हणत नाचला टेबलाभोवती."

"रविवारी काय करायचा?"

"आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून घरून काम. फाइली ऑफिसच्या शेअर्ड ड्राइव्हवर, घरच्या लॅपटॉपवरून त्याच उघडायच्या. नोंद मात्र ऑफिसच्या यंत्रावरूनच करायची, असा नियम आहे."

बाहेर आल्यावर भावजी म्हणाले, "हा दाढीच असणार. घाम बघितलात?"

"घाम लाजेचा होता, भावजी."

गुरुवारी दुपारी मॅनेजर आणि दाढी धरून पाचहीजण बैठकीच्या खोलीत बसले. वहिनींनी ताईंकडे पाहिलं.

"या दोघांना बाहेर पाठवू का?"

"कशाला? नाव सगळ्यांसमोर हवंय मला."

वहिनींनी दार लावून घेतलं.

"जादू वगैरे नव्हती. कुणीतरी फाइल मॉनिटर चालू केला होता. तो पहारेकरी. कुठली फाइल बदलली हे तो सांगतो आणि रेपो तेवढीच बघतो. पण हा पहारेकरी ऑफिसच्या यंत्रावर बसलेला. शेअर्ड ड्राइव्हवर दुसऱ्या यंत्रावरून झालेला बदल त्याला दिसत नाही. रविवारी तुमच्या भावाने घरून नकाशा दुरुस्त केला. सोमवारी इथे माहितीची फाइल लिहिली आणि बदललंय ते सगळं नोंदव असं रेपोला म्हणाला. पहारेकऱ्याने एकच फाइल सांगितली."

"म्हणजे तारीख खरी!" भावजी ओरडले. "पण मग त्याने ओळी खोडल्या कशाला? त्याच तर त्याला सोडवणार होत्या."

"म्हणूनच तर त्या वाचायला हव्या होत्या." वहिनींनी बॅकअपचा छापील कागद काढला. "पहिली ओळ मॉनिटर चालू करते. शेअर्ड ड्राइव्हवर तो आपणहून चालायला नकार देतो, म्हणून दुसरी ओळ. तरीही चालव. आणि या दोन्हींच्या वर एक शेरा."

कागद ताईंपुढे सरकला. त्यांनी वाचलं.

"धाकट्या, आता ताटकळत बसू नकोस."

त्यांनी त्या शेऱ्यावर बोट ठेवलं.

"मी लिहिलंय," ताई म्हणाल्या. "तो सारखा कुरकुरायचा. मला वाटलं..."

"दोन दिवस तो ओरडत होता. तिसऱ्या दिवशी त्याला हे सापडलं. मग त्याने तुमच्या नोकरीचं विचारलं, आणि ओळी खोडल्या. त्याने पुरावा नाही, तुम्हाला पुसलं."

मॅनेजर खाकरला. "आपण असं करू, अहवालात 'तांत्रिक दोष' लिहू. कुणाचंच नाव नको."

"आता नको?" वहिनींचा आवाज चढला. "मेलेल्याचं चालत होतं तेव्हा!"

ताईंनी मॅनेजरपुढचा अहवालाचा मसुदा ओढला. भावाचं नाव खोडून स्वतःचं लिहिलं. मग दाढीकडे पाहिलं.

"तुझंही लिहू?"

"लिहा, ताई. उघडून बघायला दहा सेकंद लागले असते."

"त्याच्या कॉपीचं सील काढा," ताई मॅनेजरला म्हणाल्या. त्याने मुकाट्याने काढलं.

ताई भावाच्या खुर्चीत बसल्या आणि रेपोला विचारलं, नोंद न झालेलं काय बदललंय? आता पहारेकरी नव्हता. यंत्र एकेक फाइल चाचपत राहिलं. पूर्ण दोन मिनिटं. त्या ताटकळत बसून राहिल्या.

मग पडद्यावर एकच ओळ उमटली. बदललेली फाइल: नकाशा.