पहिल्या पसंतीचा सिद्धान्त

नागपूरच्या अनुरूप विवाहजुळणी केंद्राच्या गणनकक्षात मृण्मयी खानझोडे पडद्याकडे बघत उभी होती. तिच्या नावापुढे दोनच शब्द होते, 'जुळणी नाही'. निखिलेश पोफळीच्या नावापुढे मात्र अमरावतीच्या एका दंतवैद्य मुलीचं नाव आलं होतं.

हे शक्यच नव्हतं. ही जुळणीची पद्धत मृण्मयीनेच तर रचली होती. तिच्या आणि निखिलेशच्या घरच्यांनी जातीवरून सहा वर्षं नन्नाचा पाढा चालवला होता. पण हल्ली पत्रिकेची जागा केंद्राच्या दाखल्याने घेतली होती, आणि 'केंद्राने जुळवलं तर आमची ना नाही' असं दोन्हीकडचे बोलून बसले होते. निखिलेश म्हणत होता, सरळ नोंदणी विवाह करू. हिनेच हट्ट धरला. दोघांनी एकमेकांना पहिलं ठेवलं की जुळणी होतेच, हा सिद्धान्त त्याला समजावून, आईबापांना त्यांच्याच शब्दांत पकडू म्हणाली. हुशार माणसांनाच अशी अवदसा आठवते.

"सर, दोघांनी एकमेकांना पहिलं ठेवलं तर जुळणी व्हायलाच हवी ना?"

केंद्राचे प्रमुख मोहरील सर मूळचे अर्थशास्त्राचे. "व्हायलाच हवी. मुलाची विचारणा आधी त्याच्या पहिल्या पसंतीकडे जाते. तिचीही पहिली पसंती तोच असेल, तर ती त्याला सोडेल कशाला? याला अपवाद नाही."

"म्हणजे दोघांपैकी एकाने ठेवलं नाही."

"ठेवलं म्हणू नकोस. माणूस तोंडाने काय सांगतो यावर आम्ही अर्थशास्त्रवाले विसंबत नाही. बाजारात हात जिकडे जातो ती खरी पसंती. म्हणून तर वर्षभर मनगटावर पसंतीमापक पट्टी बांधायची. घरीदारी, केंद्राच्या चहापानात इतर स्थळांना भेटताना, कोण सोबत असताना नाडी कशी चालते, श्वास किती मोकळा होतो, त्यातून यादी बनते."

स्वतःबद्दल मृण्मयीला तिळमात्र शंका नव्हती. मग उरला निखिलेश. रागाने तिचे कान तापले. तिने तिथूनच फोन लावला.

"वर्षभर मला बनवत होतास? केंद्राने तुला अमरावतीची एक दंतवैद्य दिलीय, कोण आहे ती?"

तो "अगं, ऐक तरी" म्हणेपर्यंत तिने फोन ठेवूनही दिला.

मग नियम गुंडाळून ठेवून तिने त्याची यादी उघडली. मोहरील सरांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. यादीत पहिलं नाव होतं मृण्मयी खानझोडे.

तिने स्वतःची यादी उघडली. निखिलेश दुसरा होता. त्याच्या वर लिहिलं होतं, 'कोणीही नाही'.

"हे काय आहे, सर?"

"तूच घालायला लावलंस की. माणूस एकटा असतानाची मोजणी. एखाद्याच्या सोबतीपेक्षा एकटेपणातच माणूस सुखी असेल, तर त्याच्याशी बांधायचं कशाला? सौदा न करणं हाही एक पर्याय असतो, तो धरावाच लागतो."

"पट्टी चुकली असेल."

"असेल," सर हळू आवाजात म्हणाले. "पण मग वर्षभर रोज चुकली."

दर रविवारी निखिलेश गेला की ती दार लावायची आणि पाच मिनिटं दाराला टेकून नुसती उभी राहायची. छातीत काहीतरी सैल व्हायचं. त्याला ती विरह समजत आली होती. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

फोन वाजला. निखिलेश होता. रडून त्याचा आवाज बसला होता.

"मृण्मयी, मी खूप विचार केला. तू मला पहिलं ठेवलंस यात शंकाच नाही. मग तुझ्या सिद्धान्ताने चूक माझीच निघते. त्या मुलीला मी चहापानात एकदाच भेटलो गं, चेहरासुद्धा आठवत नाही. पण मनात कुठेतरी खोल असेल काही, मलाच न कळलेलं. मी तुला फसवलं. मला माफ करशील?"

मृण्मयीने खरं सांगायला तोंड उघडलं.

"असू दे, निखिलेश," ती म्हणाली. "केलं माफ."