बावीस अंश

एप्रिलात चारठाण्याच्या पत्र्यांवर दुपारी हात टेकवत नाही. ही उष्णता संध्याकाळी वाया जाऊ द्यायची नाही, एवढंच माझं काम होतं.

मी सत्यशीला. शिक्षणाने अभियंता, राहायला परभणीत. केशरबाईंच्या महिला गटासाठी मी गावाबाहेर उष्णतेची कोठी बांधली होती. दुहेरी विटांची खोली, दोन भिंतींच्या मध्ये राख, आत पंधरा टन काळी गिट्टी. छतावरच्या काळ्या पत्र्यांखाली तापलेली हवा पंखा दिवसभर त्या दगडांतून फिरवायचा. दगड दीडशे अंशांवर जायचे, आणि सूर्य मावळल्यावर तीच ऊब शेजारच्या खोलीतली शिजवलेली हळद वाळवायची. उन्हात पंधरा दिवस लागतात, इथे चार. अवकाळी पावसाची धास्ती नाही.

कोठी चालली. पहिली खेप निघाली तेव्हा केशरबाईंनी एक हळकुंड माझ्या कानाशी धरून मोडलं. कट्‌कन आवाज आला.

"आता कसं!" त्या म्हणाल्या.

दगडांत, मागच्या भिंतीपासून लोखंडी दारापर्यंत, फुटाफुटावर, तापमान मोजणाऱ्या नऊ सळया रोवल्या होत्या. दुसऱ्या खेपेच्या पहिल्याच दुपारी, बाराला, सगळ्यात मागच्या नऊ नंबरच्या सळईने बावीस अंश दाखवले. बाकी आठ दीडशेवर.

सळई बिघडली, असं मी धरलं. दुसऱ्या दिवशी नऊ नंबर पुन्हा दीडशेवर होती आणि आठ नंबर बावीसवर. तिसऱ्या दिवशी सात नंबर. मी वायरी बदलल्या. नोंदणीचं यंत्र बदललं. सहा आणि तीन नंबरच्या सळया एकमेकींच्या जागी लावून पाहिल्या. सळई कुठलीही असो, बावीस अंश त्या जागेचेच राहिले.

तापलेल्या दगडांत एवढीशी गार जागा टिकत नाही. आजूबाजूची उष्णता ती भरून काढते. आणि समजा टिकलीच, तरी ती पुढे सरकत नाही.

मी आकडे पाहत बसले होते तेव्हा केशरबाई मागे येऊन उभ्या राहिल्या.

"दगडं कुठले आनले तुमी?"

"जिंतूरकडच्या खडी केंद्रावरचे. नवे फोडलेले. गावातल्या पडक्या देवळाचा एकही नाही, मावशी."

"मंग दगडाचं न्हाई." त्यांनी दाराकडे पाहिलं. "आत कोनीतरी हाय. भाईर यायलंय."

"हवेची गळती असेल कुठेतरी."

"गळती रोज एक फूट चालती का?"

मी पुन्हा आकड्यांकडे वळले.

"दार उघडून द्या त्याला," त्या म्हणाल्या.

"उघडलं तर दगड निवतील. चाळीस जणींची ओली हळद आहे शेजारच्या खोलीत."

"म्हनून तर म्हनायले."

मी दार उघडलं नाही. माझा माझ्या कोठीवर भरवसा होता, आणि खरं सांगायचं तर आजही आहे.

नवव्या दिवशी चौथी खेप नुकती भरली होती. बाराला एक नंबर बावीसवर आली. दाराला लागून असलेली सळई. मी बाहेरून दारावर हात ठेवला. बेचाळीस अंशांच्या उन्हात त्या लोखंडावर दव होतं. थेंब ओघळून उंबऱ्यावरच्या धुळीत जिरत होते.

मग बाकीचे आकडे उतरायला लागले.

एकशे चाळीस. एकशे वीस. ऊन डोक्यावर होतं, पंखा फिरत होता, हवा तापूनच आत जात होती. तरी शंभर. मग नव्वद. साठाच्या खाली गेलं की हळद आंबते.

केशरबाई दाराजवळ येऊन उभ्या राहिल्या.

मी कडी काढली.

झळ अंगावर येईल म्हणून मी बाजूला सरून दार ओढलं. झळ आली नाही.

आधी गारवा आला. भरल्या माठाजवळून जाताना लागतो तेवढाच. घोट्यांना लागला, मग गुडघ्यांना.

माझ्यापाशी थांबला.

केशरबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि वडीलधाऱ्याला वाट द्यावी तशा दोन पावलं मागे सरल्या.

मग झळ आली. आम्ही दोघींनी दार ढकलून लावलं.

दोन वाजेपर्यंत नऊच्या नऊ सळया दीडशेवर होत्या. चौथ्या दिवशी ती खेप पहिलीपेक्षाही पिवळीधमक निघाली. केशरबाईंनी फोनवर सांगितलं, "अजून एक कोठी बांधा ताई. लय झ्याक चाललंय." मी बांधणार आहे. अहवालात मी लिहिलं: दाराची फट, दुरुस्त केली.

पण दार उघडलं त्याच दुपारी मी मोटारसायकलवर परभणीला निघाले आणि वाटेत झरी गावात उसाचा रस प्यायला थांबले. सावली नव्हती. गाडी अर्धा तास भर उन्हात उभी होती. परत आले आणि सीटवर हात टेकला, तर तळवा भाजला.

मागच्या अर्ध्या सीटवर टेकला. ती गार होती.

रसवाला माझ्याकडेच पाहत होता. मी रुमाल घडी करून पुढे टाकला, किक मारली, आणि रोजच्यापेक्षा जरा पुढे सरकून बसले.